जुनी फळी आणि आजचे वजन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आपण सभागृहात येताना प्रवेशद्वाराशी एक निळी पाटी पाहिली असेल. पुरुषभर उंचीहून थोडी अधिक, खाली-वर निमुळती होत गेलेली, आणि पिवळ्या अक्षरांत ‘सुस्वागतम्’ असे लिहिलेली. मंडळाच्या तरुण सभासदांनी ती रंगविली आहे आणि तिचे कौतुकही पुष्कळ झाले आहे. परंतु ती मुळात पाटी नव्हे. ती समुद्रावर चालविण्याची शिडाची फळी आहे. तिच्यासाठी आम्ही अडतीस हजार रुपये मोजले होते, आणि तिच्यापायी आम्ही एकदा जिवास मुकण्याच्या बेतात होतो. ‘आपल्या एखाद्या छंदाविषयी बोला’ अशी कार्यवाहांची आज्ञा झाली तेव्हा या पाटीचीच कथा सांगावी असे आम्ही ठरविले. नमनालाच घडाभर तेल न घालता विषयाकडे वळतो.

या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. एक लांब तरंगती फळी, तिच्यावर एक डोलकाठी, डोलकाठीला शीड, आणि शिडाच्या दोन्ही बाजूंनी गेलेली धनुष्याकृती आडवी दांडी. या दांडीला बूम असे नाव आहे. खेळाडू तिला धरून उभा राहतो. होडीत डोलकाठी पक्की रोवलेली असते. येथे ती एका सांध्यावर उभी असते आणि हा सांधा चोहोकडे झुकतो, चोहोकडे वळतो. साहजिकच शीड उभे ठेवण्याचे काम दोरखंडांचे नव्हे, तर माणसाच्या दोन हातांचे. सुकाणूही नाही. शीड पुढे झुकविले की फळीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकविले की वाऱ्याच्या दिशेने येते. थोडक्यात, डोलकाठी, दोरखंड, सुकाणू आणि नावाडी या साऱ्यांची कामे एकाच देहाला करावयाची असतात. म्हणूनच या खेळात देह थकला की नावही थकते.

याचा जनक कोण याविषयी वाद आहेत. इंग्लंडमधील पीटर चिल्व्हर्स या मुलाने 1958 साली अशी फळी केली होती. अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी 1964 साली केली. पुढे कॅलिफोर्नियातील हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी चोहोकडे वळणाऱ्या सांध्याची फळी सिद्ध करून 1968 साली पेटंटसाठी अर्ज केला, आणि तेथून हा खेळ जगभर पसरला. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी आणि 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी त्याचा समावेश झाला. आपल्याकडे हा खेळ मूठभर लोकांचाच राहिला. तरी 2023 च्या हांगचौ आशियाई क्रीडास्पर्धांत इबाद अली यांनी विंडसर्फिंगचे कांस्यपदक भारतात आणले. ती बातमी वाचली त्या सकाळी आमचा चहा निवून गेला होता.

त्याचे कारण असे की हा खेळ आम्ही 1986 साली मुंबईस शिकलो होतो. वय चोवीस, वजन अठ्ठावन्न किलो. फळी आमची नव्हती. कचेरीतील एका वरिष्ठांची होती आणि रविवारी ती खांद्यावरून वाहून नेण्याच्या मोबदल्यात तिच्यावर उभे राहण्याचा अधिकार आम्हांस मिळत असे. साडेतीन मीटरांहून लांब, जाड, ओबडधोबड अशी ती फळी होती. पाच वर्षे हे सुख लाभले. 1991 साली आमची बदली मध्य भारतात झाली. समुद्र शेकडो मैल दूर राहिला. बदल्यांचे जिणे आपणां सर्वांस ठाऊक आहे. प्रत्येक बदलीत सामानाची एक पेटी कमी होते आणि माणसाची एकेक सवयही मागे राहते. कुणाची तंबोऱ्याची बैठक सुटली, कुणाचे क्रिकेट सुटले. आमचे पाणी सुटले. त्याबद्दल तक्रार नव्हती. मुलांची शिक्षणे झाली, घर झाले, आणि अखेरची बदली या चेन्नई शहरात होऊन येथेच निवृत्तीही झाली. समुद्र पुन्हा घरापासून अर्ध्या तासावर आला. मधे तेहेतीस वर्षे गेली होती.

निवृत्तीनंतर आमच्या मनातला हा विचार आम्ही घरी बोलून दाखविला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी दोन अटी घातल्या. पहिली अट, आधी डॉक्टरांना विचारावयाचे. दुसरी, एकट्याने कधीही समुद्रावर जावयाचे नाही. डॉक्टरांनी हृदय तपासले, गुडघ्यांकडे पाहून मान हलविली, आणि ‘हळूहळू करा’ असा सल्ला दिला. पहिली अट पार पडली. दुसरीचे काय झाले ते पुढे सांगतो.

नवी फळी आणि तिचे शीड बहुधा परदेशातून मागवावे लागते आणि निवृत्तिवेतनात ते बसण्यासारखे नसते. म्हणून जुनी फळी घेण्याचे ठरले. जून 2024 मध्ये एका तरुणाकडे फळी विकाऊ असल्याचे कळले. आम्ही पाहावयास गेलो. अडीच मीटर लांबीची, निळी, चकचकीत, वजनाला हलकी असे सांगण्यात आलेली. आमच्या आठवणीतल्या त्या अवजड फळीपुढे ही म्हणजे साळुंकीपुढे मोरच! तरुण म्हणाला, “अंकल, हल्ली सगळे अशाच छोट्या फळ्या वापरतात.” ते खरेच होते. परंतु ‘सगळे’ म्हणजे कोण, त्यांचे वय काय आणि वजन किती, हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही. फळी भिंतीला टेकवून ठेवली होती; ती आम्ही उचलूनसुद्धा पाहिली नाही. अडतीस हजार रुपये दिले आणि चोवीस वर्षांच्या तरुणाच्या उत्साहाने ती घरी आणली.

पहिले आठ-दहा दिवस एका स्नेह्यांना बरोबर नेऊन आम्ही उथळ पाण्यात प्रयत्न केला. फळीवर उभे राहिलो की ती घोट्यांपर्यंत पाण्याखाली जाई, आणि शिडाला बांधलेली दोरी ओढून शीड पाण्याबाहेर काढू लागलो की आम्ही शिडासकट कलंडत असू. दोष आम्ही स्वतःच्या गुडघ्यांना दिला. जुलैमध्ये एके सकाळी ते स्नेही येऊ शकले नाहीत. समुद्र तर तळ्यासारखा शांत दिसत होता. आम्ही दुसरी अट मोडली आणि एकटेच पाण्यात उतरलो.

शाळेत भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो आहोत. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे ते खारे, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे ते मतलई. चेन्नईस जून-जुलै महिन्यांत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या प्रभावाने सकाळी बराच वेळ पश्चिमेकडून, म्हणजे जमिनीवरून, वारा वाहत असतो. समुद्राचा वारा दुपारच्या सुमारास सुटतो. जमिनीवरून येणारा वारा किनाऱ्याजवळ लाटा उठू देत नाही. म्हणून पाणी शांत दिसते, आणि हीच त्याची फसवणूक. तो वारा तुम्हांला अलगद आत घेऊन जातो. परत आणून सोडीत नाही.

त्या सकाळी शीड एकदाचे उभे राहिले, फळी चालू लागली, आणि तेहेतीस वर्षांनी हातांत वाऱ्याचे ओझे आले. तो आनंद आम्ही येथे वर्णन करीत नाही. कारण तो जेमतेम पाच मिनिटे टिकला. किनारा बराच मागे पडल्यावर वळण्यासाठी आम्ही शीड झुकविले तोच पायांशी काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. डोलकाठी आणि फळी यांना जोडणारा रबरी सांधा मधोमध तुटला होता. शीड एकीकडे, फळी दुसरीकडे आणि आम्ही पाण्यात.

अशा वेळी काय करावयाचे हे आम्ही तरुणपणी शिकलो होतो. फळी सोडावयाची नाही. माणूस पोहत किनारा गाठील असे कितीही वाटले तरी नाही. कारण फळी तरंगते आणि दुरून दिसते. माणसाचे डोके दिसत नाही. तेवढे आम्ही पाळले. परंतु शिडाचे पैसे डोळ्यांपुढे आले. शीड दोरीने फळीला बांधून ओढीत, पालथे पडून दोन्ही हातांनी पाणी मारीत आम्ही किनाऱ्याकडे निघालो. अर्ध्या तासाने मान वर करून पाहिले, तो किनारा अधिकच दूर गेला होता. हात दगडासारखे झाले होते. तेव्हा कुठे शीड सोडून दिले. फळीवर बसून दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करीत राहिलो. संकटाची ही खूण सर्व देशांत मानली जाते. त्या वेळी मनात आले ते जीवनमरणाचे विचार नव्हते. आपण एकटे गेलो हे घरी कळणार, एवढाच एक विचार पुन्हा पुन्हा येत होता.

कोळ्यांची एक होडी परतत होती. तिच्यातील वृद्ध तांडेलाने आम्हांला पाहिले. त्यांनी आम्हांस वर ओढले, फळी होडीवर घेतली, आणि वाटेत आमचे शीडही शोधून काढले. या किनाऱ्यावरील कोळ्यांचे पूर्वज लाकडाचे ओंडके दोरीने एकत्र बांधून त्यांवरून समुद्रात जात. तमिळमध्ये त्याला कट्टुमरम्, म्हणजे बांधलेले लाकूड, म्हणतात; त्याचाच इंग्रजांनी पुढे कॅटामरान केला. फळीवर स्वार होऊन समुद्रात जाण्याची विद्या ज्यांना पिढीजात, त्यांच्याच पायांशी आम्ही आमची चकचकीत फळी घेऊन बसलो होतो.

किनाऱ्यावर उतरल्यावर आम्ही पैसे देऊ केले. त्यांनी ते घेतले नाहीत. तांडेलाने फळी एका हाताने उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि बोटांच्या पेरांनी तिच्यावर ठिकठिकाणी ठोकून पाहिले. मग आमच्या मोडक्यातोडक्या तमिळला समजेल अशा बेताने ते सावकाश म्हणाले, “सार, हिने पाणी प्यायले आहे. घेताना उचलून पाहिली नव्हती का?”

आम्ही निरुत्तर झालो. दुपारी घरी आलो. काही लपविण्यात अर्थ नव्हता. हातांचे सालपट निघालेले दिसतच होते. सौभाग्यवतींनी सर्व ऐकून घेतले, निमूटपणे ताट वाढले. जेवण झाल्यावर म्हणाल्या, “अहो, समुद्रावर जाऊ नका असे मी म्हणत नाही. पण बाजारातून दोनशे रुपयांचा माठ आणतानासुद्धा आपण तो वाजवून घेतो. एवढ्या किमतीची वस्तू तुम्ही वाजविली का नाही?” नंतर थोड्या वेळाने, आतल्या खोलीतून, “आणि एकटे का गेलात?” या दुसऱ्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

श्रोतेहो, यानंतर आम्ही जो अभ्यास केला तो आधी करावयास हवा होता. तो आपल्यापुढे ठेवतो. यांतील काही गोष्टी केवळ फळीलाच लागू आहेत असे नाही.

पहिली गोष्ट, खरेदीला निघण्यापूर्वी माणसाने स्वतःचे वजन करावे. आर्किमिडीजचा नियम सर्वांस लागू आहे, निवृत्तांसही. फळीचे आकारमान लिटरमध्ये मोजतात आणि ते बहुधा फळीवर छापलेले असते. ढोबळमानाने एक लिटर एक किलो भार तरंगत ठेवतो. खारे पाणी किंचित अधिक. आमचे आजचे वजन एकोणऐंशी किलो. शीड, डोलकाठी, बूम मिळून नऊ. फळीचे छापील वजन सात. बेरीज पंचाण्णव. आणि फळी होती एकशे दोन लिटरांची! अवघे सात लिटर शिल्लक. वेगात असताना अशी फळी पाण्याच्या पृष्ठावर चढून धावते, म्हणून तरबेज तरुणांना ती चालते. थांबलेल्या माणसाला ती सांभाळीत नाही. बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्याने आपल्या वजनात निदान ऐंशी ते शंभर मिळवून तितक्या लिटरांची, रुंद, आणि मध्यभागी खाली सोडता येणारे पाते असलेली फळी पाहावी. त्या पात्याने फळी आडवी वाहून जात नाही आणि किनाऱ्याकडे परतणे सोपे होते. आम्ही खरेदी केली होती ती अठ्ठावन्न किलोंच्या एका तरुणासाठी, आणि तो तरुण 1991 सालीच मागे राहिला होता.

दुसरी गोष्ट, फळीचेही वजन करावे. आम्ही आमची फळी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे नेली. छापील वजन सात किलो. काट्यावर भरली दहा किलो चारशे ग्रॅम. म्हणजे तीन किलो चारशे ग्रॅम पाणी पोटात! पुष्कळशा आधुनिक फळ्यांच्या आत थर्मोकोलसारख्या पांढऱ्या मण्यांचा गाभा असतो आणि त्यावर काचतंतू व राळ यांचे कवच असते. कवचाला केसाएवढी चीर गेली तरी गाभा हळूहळू पाणी पितो. ते पाणी सहजी बाहेर येत नाही, आणि कवच गाभ्यापासून सुटत जाते.

तिसरी, फळी वाजवावी. निरोगी भागातून टणक आवाज येतो. सुटलेल्या भागातून बद्द. अंगठ्याने दाबून पाहिले तर तो भाग दबतो. पाय अडकविण्याच्या पट्ट्यांजवळ टाचांचा मार बसतो, तेथे विशेष पाहावे. फळीच्या नाकावर डोलकाठी आपटून खोक पडलेली असते, तेथे दुरुस्ती झाली आहे का आणि कशाने झाली आहे ते विचारावे. पांढऱ्या मण्यांच्या गाभ्यावर इपॉक्सी राळच चालते. साधी पॉलिएस्टर राळ त्या गाभ्याला अक्षरशः विरघळवते. डोलकाठीची खाच आणि खालच्या पराचा कप्पा, या दोन ठिकाणी सर्वांत अधिक ताण येतो. पर हातांत धरून हलवावा. कप्प्याभोवती चीर उघडताना दिसली तर नमस्कार करून परत यावे. फळीवर हवा सोडण्याचा एक लहानसा स्क्रू असतो. फळी उन्हात ठेवताना किंवा विमानाने नेताना तो सैल करतात आणि पाण्यात उतरण्यापूर्वी घट्ट करतात. त्याचे रबरी कडे शाबूत आहे का, हेही पाहावे.

चौथी, शीड उन्हात धरून पाहावे. पारदर्शक भाग पिवळा पडून कडकडीत झाला असेल तर ते शीड बाहेरून कितीही सुंदर असले तरी एका वाऱ्याचे सोबती आहे. शिडावर डोलकाठीची लांबी आणि बूमची लांबी छापलेली असते. मिळणारी डोलकाठी त्या लांबीची आणि त्या जातीची आहे का हे ताडून पाहावे, आणि बूमचे तोंड त्या काठीच्या जाडीला बसते का तेही. निरनिराळ्या घरांतून आणलेली भांडी आणि झाकणे यांचा जसा मेळ बसत नाही, तसेच हे आहे.

पाचवी आणि अखेरची. रबरी सांधा आणि दोऱ्या जुन्या घेऊच नयेत. बाकी सर्व जुने चालेल. सांध्याला तडे गेले आहेत का हे वाकवून पाहावे, आणि तडे नसले तरी नवा घालावा. तुटल्यास शीड सुटून जाऊ नये म्हणून त्याला जोडपट्टी असावी. फळीच्या किमतीच्या मानाने हा खर्च क्षुल्लक असतो. आपल्याकडे ‘जुने ते सोने’ असे म्हणतात. सोने जुने चालते; रबर चालत नाही.

जानेवारी 2025 मध्ये दुसरी फळी मिळाली. दोन मीटर नव्वद सेंटिमीटर लांब, दोनशे पाच लिटरांची, मध्ये पाते असलेली, आणि दिसायला कुरूप. ठिकठिकाणी ओरखडे, रंग विटलेला. विकणारे गृहस्थ आमच्याच वयाचे होते. त्यांच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे त्यांचा खेळ संपला होता. नाकावरची एक दुरुस्ती त्यांनी स्वतःहून दाखविली, कधी आणि कशाने केली ते सांगितले. आम्ही वजनकाटा बरोबरच नेला होता. छापील वजन चौदा. काट्यावर चौदा किलो दोनशे ग्रॅम. सौभाग्यवती मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी पदर खोचून, माठ वाजवावा तशी सबंध फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजविली, आणि मान डोलविली. पाण्यात उतरून अर्धा तास चालवून पाहिल्यावर पैसे दिले. अठ्ठावीस हजार, पाच चौरस मीटरच्या शिडासह. सांधा नवा घेतला.

उरली ती पहिली निळी फळी. एक कॉलेजचा विद्यार्थी ती घ्यावयास आला. तो हलका होता, त्याला लिटर पुरले असते, आणि त्याने ती वाजविली नाही की उचलली नाही. तीस हजार द्यावयास तो तयार होता. आम्हांस सांगावयास संकोच वाटतो, परंतु क्षणभर आम्ही गप्प राहिलो. गप्प राहण्याने तीस हजार रुपये मिळत होते. मग त्या होडीतील दुपार आठवली, आणि त्या मुलाची आईही कुठेतरी ताट वाढून बसत असेल असे वाटले. आम्ही त्याला काटा दाखविला, बद्द आवाज ऐकविला, तुटका सांधा हातांत दिला. तो आभार मानून निघून गेला. आमचे अडतीस हजार बुडाले ते बुडाले. नुसते कवच उरलेली ती फळी पाण्यात कुणाच्या हाती पडू नये म्हणून आम्ही मंडळास अर्पण केली. तिचे पुढे काय झाले ते आपण दारात पाहिलेच आहे. पाटी म्हणून ती उत्तम आहे. तिला आता कुणाचेही वजन पेलावयाचे नाही.

दुसरी फळी मंडळाच्याच कोठीघरात, गणपतीचे मखर आणि सतरंज्यांच्या वळकट्या यांच्यामध्ये उभी असते. त्यासाठी कार्यकारिणीचे आम्ही ऋणी आहोत. आता आम्ही दुपारी, समुद्राकडून वारा सुटल्यावरच जातो. कारण तो वारा चूक झाली तरी माणसाला किनाऱ्यावर आणून टाकतो. दहा-बारा नॉटच्या वर, म्हणजे ताशी सुमारे एकोणीस ते बावीस किलोमीटरच्या वर वारा असेल तर किनाऱ्यावर बसून शेंगा खातो. बरोबर कुणीतरी असतेच. ईशान्य मोसमी पावसाच्या महिन्यांत समुद्राचे नाव काढीत नाही.

आपण विचाराल, एवढे करून मिळते काय? पहिल्या दिवशी आम्ही पन्नास हात गेलो आणि पडलो. महिन्याभराने एका दमात जाऊन, वळून, परत किनाऱ्याला आलो. तरुणपणी जो वेग होता तो आता नाही आणि येणारही नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात आली. हातांना आणि पावलांना जे ठाऊक होते ते तेहेतीस वर्षांत विसरलेले नव्हते. वारा वाढला की खांदा आपोआप मागे जातो, लाट आली की गुडघा आपोआप वाकतो. ते शिकविण्याची गरज पडली नाही. शिकावे लागले ते एवढेच, की आजचे वजन किती आणि आजचा दम किती.

आपल्यापैकी अनेकांनी बदलीच्या कुठल्यातरी गावी काहीतरी ठेवून दिले असेल. माळ्यावर पेटी असेल, तबल्याची जोडी असेल, चित्रांची वही असेल. ते पुन्हा काढावे असे मनात आले तर जरूर काढा. वय झाले म्हणून संकोच करू नका. मात्र ते पूर्वीच्या स्वतःसाठी नव्हे, आजच्या स्वतःसाठी काढा. घेताना वस्तू उचलून पाहा, वाजवून पाहा, जो सांधा जीव सांभाळतो तो नवा घाला, आणि एकटे जाऊ नका. ही शेवटची सूचना आमची नव्हे. ज्यांची आहे त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

मंडळाच्या पन्नास वर्षांस आमच्या शुभेच्छा.